‘बिकॉज’चे कूळ

शाळेत इंग्रजी मिश्र वाक्याचे पृथक्करण ज्यांनी केले असेल, त्यांना गौणत्वसूचक उभयान्वयी अव्ययांची यादी अजून आठवत असेल. बिकॉज, व्हेन, व्हाइल, दो, अन्लेस. ही यादी आपण पाढ्यांसारखी पाठ केली. परंतु हे शब्द आले कोठून, हे फारसे कोणी सांगितले नाही. त्यांची कुळकथा पाहू लागले की मौज वाटते. यांतील कित्येक शब्द जन्माने अव्यये नव्हतेच.

इ. स. ८९९ मध्ये निवर्तलेल्या आल्फ्रेड राजाच्या काळचे इंग्रजी घ्या. आपण ‘जेव्हा’ने गौण वाक्य उघडतो आणि ‘तेव्हा’ने प्रधान वाक्य. त्या इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द येई, ‘था’. मग ‘जेव्हा’ कोणता आणि ‘तेव्हा’ कोणता, हे ऐकणाऱ्याने ओळखावे कसे? क्रियापदाच्या जागेवरून. प्रधान वाक्यात ‘था’च्या पाठोपाठ क्रियापद येई, गौण वाक्यात ते बहुधा शेवटाकडे जाई. पुढे विभक्तिप्रत्यय झिजले, कर्ता–क्रियापद–कर्म हा क्रम घट्ट झाला आणि ही सोय नाहीशी झाली. साहजिकच वाक्यांचे नाते सांगण्याचा भार जोडशब्दांवर अधिक पडला.

हे शब्द मिळाले कोठून? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि राजदरबारात फ्रेंच आली. १३६२ मध्ये न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा झाला, तोही फ्रेंचमध्येच लिहिलेला! त्याच चौदाव्या शतकात फ्रेंच ‘कॉज’ या नामापुढे देशी ‘बाय’ लागून ‘बाय कॉज दॅट’, म्हणजे ‘या कारणाने की’, असा प्रयोग रूढ होऊ लागला. कालांतराने ‘दॅट’ गळला, उरलेले दोन शब्द एकजीव झाले आणि ‘बिकॉज’ तयार झाला. आपले ‘कारण’ तरी निराळे काय? संस्कृतातले नाम मराठीत येऊन वाक्ये सांधू लागले. ‘म्हणून’ हे तर ‘म्हणणे’ या क्रियापदाचेच रूप.

‘व्हाइल’ मूळचे कालवाचक नाम. ‘ज्या वेळेपुरते’ हा त्याचा अर्थ. ‘उलटपक्षी’ हा अर्थ मागाहून चिकटला. ‘अन्लेस’मधील ‘अन्’ नकारार्थी आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः तो ‘ऑन’चा अवशेष आहे. ‘ऑन लेस दॅन’, म्हणजे ‘याहून कमी अटीवर’, या शब्दसमूहाचे ते संक्षिप्त रूप होय. ‘प्रोव्हायडेड’ हे भूतकालवाचक धातुसाधित. पंधराव्या शतकापासून ते अट घालण्याच्या कामी लागले.

या शेवटच्या शब्दाची धार सरकारी नोकराला जितकी ठाऊक, तितकी व्याकरणकाराला क्वचितच असेल. आपल्या संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड सांगतो की, चौकशी करून, आरोप कळवून व बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन झाल्यावाचून नागरी सेवकाला बडतर्फ करता येणार नाही. त्यापुढे ‘प्रोव्हायडेड’ने सुरू होणारे परंतुक येते आणि त्यात ‘व्हेअर’ने आरंभ होणारी गौण वाक्ये. ‘व्हेअर’ म्हणजे कोठे, हे शाळेतले उत्तर. कायद्यात तो ‘ज्या बाबतीत’ असे सांगतो. फौजदारी गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेला असेल, चौकशी करणे व्यवहार्य नसेल, किंवा राज्याच्या सुरक्षिततेला ती इष्ट नसेल, अशा तीन बाबतींत संरक्षण लागू नाही. १९८५ साली तुलसीराम पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या परंतुकाखालील चौकशीविना बडतर्फी वैध ठरविली. कित्येकांची नोकरी त्या गौण वाक्यांवर लटकली होती.

गंमत अशी की, संविधानाच्या मराठी पाठात ‘प्रोव्हायडेड’च्या जागी ‘परंतु’ आहे. आणि आपले शालेय व्याकरण ‘परंतु’ला गौणत्वसूचक मानीत नाही, प्रधानत्वसूचक मानते.