वर्चस्वजन्य आक्रमकता (कुत्रा व मांजर)

पाळीव कुत्रा किंवा मांजर घरातल्या माणसावर वा दुसऱ्या जनावरावर गुरगुरते, चावते, बोचकारते आणि आपला मान वरचा ठेवण्यासाठीच ते असे करते असे मानले जाते, तेव्हा त्या वर्तनाला वर्चस्वजन्य आक्रमकता म्हणतात. कोल्हापूरच्या पेठांत आणि आसपासच्या गावांत हे निदान ‘कुत्रं शेफारलंय’, ‘डोक्यावर बसलंय’ अशा शब्दांत होते, आणि इलाजही ठरलेला असतो : साखळी आखडायची, दोन फटके द्यायचे. प्रत्यक्षात या नावाखाली मोडणाऱ्या बहुतेक प्रकरणांच्या मुळाशी भीती, दुखणे किंवा हातची वस्तू जाण्याची धास्ती असते. म्हणूनच हे निदान जपून करावे लागते. ते चुकले की उपचारही उलटा पडतो.

वर्चस्वाची कल्पना कुत्र्यांच्या अभ्यासातून आली नाही, ती लांडग्यांच्या अभ्यासातून आली. स्विस संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणे १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले ते लांडगे सतत भांडत, आणि त्यातून कळपाचा ‘अल्फा’ म्हणजे म्होरक्या ही प्रतिमा रूढ झाली. अमेरिकी लांडगातज्ज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने तिचा जगभर प्रसार केला. पुढे कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ अनेक उन्हाळे काढल्यावर १९९९ मध्ये मेक यांनीच ती दुरुस्त केली. रानातला कळप हे बहुधा एक कुटुंब असते. आईबाप पुढे चालतात आणि पिल्ले मागे येतात, तिथे गादीसाठी लढाई नसते. शास्त्रज्ञाने आपले गाजलेले मत असे उघडपणे मागे घेणे ही मोठी गोष्ट आहे. श्वानप्रशिक्षणाच्या बाजारात मात्र जुनीच प्रतिमा अजून विकली जाते.

याचा अर्थ कुत्र्यांत वर्चस्व नसतेच असा नाही. मटणाच्या दुकानापाशी जमणाऱ्या भटक्या कुत्र्यांत कोण आधी तोंड घालणार आणि कोण शेपूट पायांत घालून बाजूला होणार, हे ठरलेले दिसते. पण हे नाते दोघांतले असते, विशिष्ट वस्तूपुरते असते आणि बहुधा चावाचावी टाळण्यासाठीच असते. तो त्या कुत्र्याचा कायमचा स्वभाव नसतो. माणसाच्या घरावर राज्य करण्याचा बेत कुत्रे आखते, याला आधार नाही.

घरातले नेहमीचे उदाहरण रविवारचे. पांढऱ्या रश्श्यातली नळी कुत्र्यापुढे पडते आणि कोणीतरी ती काढून घ्यायला हात पुढे करते. कुत्रे आधी चघळायचे थांबते, मान हाडावर झुकवते, अंग ताठ करते. डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. मग घशातून बारीक गुरगुर येते, ओठ वर उचलला जातो आणि त्यानंतरच दात लागतो. या पायऱ्या त्याने दिलेल्या सूचना असतात. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे गुरगुरायचे सोडते, चावायचे सोडत नाही. मग लोक म्हणतात, ‘काहीच न करता वसकन अंगावर आलं.’

या भागात एका जातीवर हा शिक्का विशेष चुकीने बसतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात कारवानी आणि शेजारच्या कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखले जाणारे हे सडपातळ, लांब तोंडाचे शिकारी कुत्रे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. माळावर ससा नजरेने टिपून त्याच्यामागे धावण्यासाठी हे कुत्रे घडले. परक्याचा हात अंगाला लागणे त्याला मुळातच रुचत नाही. पाहुण्यांचे मूल त्याच्या गळ्यात पडते, कुत्रे अंग आखडते, तोंड फिरवते, ऐकले गेले नाही की फटकारते, आणि ‘माज आलाय’ असा निकाल लागतो. हा त्या जनावरावर अन्याय आहे. धावण्यासाठी जन्मलेल्या कुत्र्याला दिवसभर दारात साखळीला बांधणे हे तर चिडचिडीला निमंत्रणच.

मांजराच्या बाबतीत वर्चस्व हा शब्द आणखी अपुरा ठरतो. मांजर एकटे शिकार करते. एकत्र राहिलेच तर नात्यातल्या माद्यांच्या आधाराने, आणि जगण्यासाठी त्याला उतरंडीची गरज नसते. मांडीवर कुरवाळून घेणारे मांजर अचानक हात बोचकारते, त्याला सत्ता गाजवणे म्हणतात. पण त्याआधी शेपटीचे टोक फटफट हलू लागलेले असते, पाठीची कातडी थरथरते, कान आडवे होतात. पुरे झाले, एवढेच ते सांगत असते. दुसरा प्रकार वळलेल्या रागाचा : खिडकीबाहेर परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि पंजा जवळून जाणाऱ्या माणसावर पडतो. दवाखान्यातून परतलेल्या मांजरावर घरातले दुसरे मांजर फिसकारते, कारण त्याचा वास बदललेला असतो. कौलारू घरात माळा, आढे, परसू असे पळून बसायचे ठिकाण असते. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर ते जाते आणि भांडणे वाढतात.

व्यवस्थापनाची सुरुवात पशुवैद्यकापासून व्हावी. कान, दात, सांधे किंवा कंबर दुखत असल्यास शांत जनावरही चावते. पुढचे पाऊल चावण्याचे प्रसंग घडू न देण्याचे : जेवण वेगळ्या जागी, हाड दिले तर एकांतात, लहान मुले आणि कुत्रे एकटे कधीच नाहीत. वस्तू हिसकावू नये, तिच्या बदल्यात चिकनचा तुकडा द्यावा. हात जवळ येणे म्हणजे काहीतरी मिळणे, हे कुत्र्याला शेकडो वेळा अनुभवता आले पाहिजे. जाळीची मुसकी लाजिरवाणी नाही, मात्र तिच्यात तोंड उघडून धापा टाकता आणि पाणी पिता यायला हवे आणि आत खाऊ ठेवून सवय लावलेली असावी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ मधील पाहणीत कुत्र्याला मारल्याचे किंवा लाथ घातल्याचे सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्के मालकांना, आणि उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना उलट आक्रमक प्रतिसाद मिळाला. ‘मालक कोण ते दाखवून द्या’ हा सल्ला किती महागात पडतो, ते यातून दिसते.

निर्बीजीकरणाने नरांचे भटकणे आणि आपसांतल्या मारामाऱ्या कमी होतात, बोक्यांत तर ठळकपणे. भीतीतून चावणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही. हट्टी प्रकरणांत फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे देतात, पण ती पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि शिकवणीच्या जोडीनेच. मांजरांसाठी खाण्याची भांडी दूर दूर, उंचावर बसायच्या फळ्या आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त वाळूचे तबक एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. प्रतिबंधाचा खरा काळ लहानपणीचा : कुत्र्याच्या पिल्लाचे पहिले तीन महिने आणि मांजराच्या पिल्लाचे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांदरम्यानचे दिवस. डोळे उघडल्या उघडल्या आईपासून तोडून आणलेले पिल्लू दात किती जोरात लावायचा, हे भावंडांकडून शिकायचे राहून जाते.

स्वभाव एकाएकी पालटला आणि लस झालेली नसेल तर रेबीजची शंका आधी घ्यावी. तिथे वर्तनशास्त्राचा विचार करत बसू नये. चावा किंवा ओरखडा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावा. तिखट, चुना, हळद लावण्याची जुनी रीत सोडून द्यावी. त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. चावलेल्या कुत्र्याला किंवा मांजराला मारू नये, १० दिवस नजरेखाली ठेवावे. त्या मुदतीत ते धडधाकट राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे धरतात, आणि उरलेल्या मात्रांचा निर्णय डॉक्टर घेतात. लस मात्र या १० दिवसांसाठी थांबवायची नसते.