दप्तर आहे, पण ते वाचता येते का?

कागदाची वही कोणालाही उघडता येते. संगणकावरील वहीला मात्र, ती ज्या सॉफ्टवेअरने लिहिली त्याची योग्य आवृत्तीही हाताशी लागते. हा भेद प्रशासनाने पुरेसा मनावर घेतलेला नाही, असे माझे मत आहे. बंगळुरूच्या 'टॅली'चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब ठेवण्याजोगे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा पुत्र भरत गोएंका यांनी ते स्वतः लिहिले. १९८६ साली कंपनी स्थापन झाली. पहिले रूप डॉसवर चालणारे आणि जुजबी हिशेबापुरते होते. पुढे १ एप्रिल २००५ रोजी कर्नाटकात व महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ रोजी देशभर वस्तू व सेवा कर आला आणि नोंदींतील रकाने वाढत गेले. सॉफ्टवेअरही टॅली ७.२, टॅली ९, टॅली ईआरपी ९ (२००९) आणि टॅलीप्राइम (२०२०) असे बदलत गेले.

येथेच अडचण उद्भवते. ७.२ मधील हिशेब ईआरपी ९ मध्ये नेण्यासाठी रूपांतराचे स्वतंत्र साधन द्यावे लागले. २०२३ च्या टॅलीप्राइम ३.० ने एकाच कंपनीत अनेक जीएसटी नोंदण्यांची सोय केली. त्यासाठीही जुन्या फाइलींचे रूपांतर आवश्यक ठरले. एकदा रूपांतर झाले की ती फाइल आधीच्या आवृत्तीत उघडत नाही, कारण जुन्या सॉफ्टवेअरला नव्या रकान्यांची ओळखच नसते. दुकानात जुनी आणि हिशेबतपासनिसाकडे नवी आवृत्ती असेल, तर फाइल जाते, पण परत येत नाही.

कायद्याचा काळ मात्र लांब असतो. कंपनी कायदा आठ आर्थिक वर्षांच्या वह्या जपायला सांगतो. जीएसटी कायदा वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, आणि अपील चालू असल्यास निकालानंतर एक वर्ष, यांपैकी जे नंतर येईल तोवर. अपिले वर्षानुवर्षे रेंगाळलेली मी सेवेत पाहिली आहेत. तेवढ्या काळात दुकानातील संगणक, सॉफ्टवेअर आणि हिशेबनीस हे तिन्ही बदललेले असू शकतात. वही दाखवण्याची जबाबदारी तेवढी व्यापाऱ्यावर राहते.

वास्तविक माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ ने उत्तर दिलेले आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे वापरता येईल असा राहिला पाहिजे; तो मूळ स्वरूपात असावा किंवा मूळ माहिती अचूक मांडणाऱ्या स्वरूपात. म्हणजे रूपांतर चालते, पण त्याची अचूकता दाखवता आली पाहिजे. रूपांतरापूर्वी मूळ फाइलींची प्रत वेगळी ठेवावी, आधीची व नंतरची तेरीज ताडून पाहावी, आणि वर्षअखेरीस खतावणी कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा साध्या स्वरूपातही काढून ठेवावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

मराठी माणसाला हा धडा नवा नसावा. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद सुस्थितीत आहेत, तरी मोडी वाचणारे मोजकेच उरले आहेत. तेथे लिपी मागे पडायला पिढ्या लागल्या. संगणकाच्या वहीला दहा वर्षे पुरतात. नवा रकाना राजपत्रात जन्मतो आणि त्याचा खर्च दुकानदार सोसतो. म्हणून वही किती वर्षे जपावी हे सांगणाऱ्या शासनाने, ती कोणत्या स्वरूपात जपली तर ग्राह्य धरू, हेही त्याला सोप्या शब्दांत सांगावे.