राजालाही जे वर्ज्य

निषिद्ध म्हटले की आपल्याला विटाळ आठवतो, अंधश्रद्धा आठवते. पण श्रोतेहो, जिथे कायदा कागदावर लिहिलेला नव्हता, तिथे राजाला आवरले कोणी? पश्चिम आफ्रिकेतल्या असांते लोकांनी हे काम निषिद्धांवर सोपवले होते.

आजच्या घाना देशातले कुमासी ही त्यांची राजधानी. ओसेई टुटू या राजाने सतराव्या शतकाच्या अखेरीस ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताच्या साथीने आसपासची राज्ये एकत्र आणली. अनोक्येने आकाशातून सोन्याचे आसन उतरवले, अशी परंपरा आहे. त्यात साऱ्या लोकांचा प्राण वसतो, म्हणून त्यावर कोणी बसायचे नाही. खुद्द राजानेही नाही.

दुसरे बंधन जिभेवर होते. कोणाचे मूळ कुळ उघड करायचे नाही. जिंकलेले, पळून आलेले, गुलाम म्हणून आणलेले अशा सर्वांची वंशावळ चारचौघांत काढणे गुन्हा ठरला. गुलामी त्यामुळे संपली नाही. पण नव्याने आलेल्यांना असांते म्हणवून घेण्याची वाट मोकळी झाली.

सर्वांत विलक्षण होती थोरली शपथ. ओसेई टुटूच्या मृत्यूशी जोडलेल्या जागेचे आणि वाराचे नाव एकत्र उच्चारणे वर्ज्य होते. आपल्याकडे आण घालतात, तसे ते शब्द कोणी उच्चारले, की तंटा राजाच्या दरबारात न्यावाच लागे. निषिद्ध शब्द हीच फिर्याद! अर्थात, ही वाट सोपी नव्हती. हरणाऱ्याच्या जिवावर बेतत असे, आणि दंडामुळे राजाची तिजोरीही भरत असे. दुबळ्याच्या हाती आलेले हे हत्यार राजाच्याही उपयोगाचे होते.

तरीही राजा मोकळा नव्हता. १८७४ मध्ये इंग्रजांनी कुमासी जाळली. त्याच वर्षी राजा कोफी कारिकारीवर राजघराण्याच्या समाधीतले सोने काढल्याचा आरोप आला आणि त्याला गादी सोडावी लागली. पराभवाचा राग त्यामागे होताच; पण आरोप ठेवला तो निषिद्ध मोडल्याचा.

हे इंग्रज गव्हर्नर हॉजसन यांना उमगले नाही. राजा प्रेम्पे याला इंग्रजांनी १८९६ मध्येच कैद करून नेले होते. मार्च १९०० मध्ये हॉजसन यांनी कुमासीत जाहीर सवाल केला, की ते आसन मला बसायला का दिले नाही? जिथे आपला राजाही बसत नाही, तिथे हा परका बसू पाहतो! एजिसूच्या राजमाता या असांतेवा यांच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. असांते हरले, राजमाता १९२१ मध्ये सेशेल्स बेटांवर हद्दपारीतच वारल्या. आसन मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाही.

राजाचे काय चालणार नाही, हे प्रजेला पाठ होते. लिखित घटना असलेल्या आपण नागरिकांनी हे तरी पाठ करायला हवे.