गाडीच्या पोटाखालचा गंज : वंगणापासून जस्तापर्यंत

रोजच्या वस्तूंचा इतिहास पाहताना आज आपण गाडीच्या पोटाखाली शिरणार आहोत. चासी, बसायच्या जागेखालचा पत्रा, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या हे सगळं खाली असतं, दिसत नाही, आणि गंज लागतो तो आधी तिथेच. स्पोर्ट्स कारच्या मालकांनी या गंजाशी फार मोठी झुंज दिली, कारण ती गाडी जमिनीला जवळजवळ टेकूनच चालते. रस्त्यावरचं पाणी, खडे, चिखल सगळं आधी तिच्या पोटावर बसतं.

आता कोणी म्हणेल, हिंगोलीला याचं काय? इथे समुद्र नाही, थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तसला प्रकारही नाही. पण पोटॅश खत म्हणजे रासायनिक भाषेत पोटॅशियम क्लोराइड, खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड. वसमत, कळमनुरीकडे हळदीच्या आणि उसाच्या रानात ज्या ट्रॉलीतून खताची पोती जातात, त्या ट्रॉलीचा तळ बघा. पोतं फाटतं, दाणे सांडतात, त्यावर पहिला पाऊस पडतो, आणि समुद्रकाठचा गंज आपल्याकडे हजर होतो. समुद्र लांब आहे म्हणून लोखंड सुरक्षित आहे, हा समज मनातून काढून टाकू.

गंजाविरुद्ध माणसाकडे मुळात तीनच उपाय आहेत. लोखंड तेलकट ठेवणे, लोखंड झाकणे, आणि लोखंडाच्या बदल्यात दुसरा धातू झिजायला देणे. गंमत अशी की हे तिन्ही उपाय मराठवाड्यातल्या साध्या घरात मोटार येण्याआधीपासून होते.

पहिला उपाय तेलाचा. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते. लोहार ती तापवून लाकडी चाकावर चढवायचा, वरून पाणी ओतलं की आवळून बसायची. जमिनीवर रोज घासली जाते म्हणून धाव गंजून संपत नाही, झिजून संपते. पण लोखंडी आसाचं तसं नाही. त्याला वंगण लागतं, काही गावांत ओंगण म्हणतात. वंगणाचं नळकांडं गाडीच्या खालीच टांगलेलं असायचं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या भागाला तेल लागतं, त्याच्या शेजारीच तेल ठेवलेलं होतं. गाडीवानाला रोज खाली वाकावं लागे, आणि वाकला की तळ आपोआप नजरेखालून जाई.

दुसरा उपाय झाकण्याचा. वेशीवरच्या मारुतीला आपण शेंदूर लावतो. जुना शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. हीच लाल पूड जवसाच्या तेलात कालवून जगभर लोखंडी पुलांना आणि जहाजांना पहिला हात म्हणून देत असत. शिसं विषारी म्हणून तो रंग मागे पडला. आज आपण वापरतो तो रेड ऑक्साइड रंगाने तसाच दिसतो, पण द्रव्य वेगळं.

तिसरा उपाय जस्ताचा. जस्ती बादली आणि घरावरचा पन्हाळी पत्रा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यामागचं तत्त्व समजायला थोडं इंग्लंडला जाऊ. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने जहाजांच्या बुडावरच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. ते तुकडे झिजले, तांबं वाचलं. मात्र वाचलेल्या तांब्यावर शिंपले-शेवाळ बसू लागलं, जहाजं जड झाली, आणि नौदलाने प्रयोग थांबवला. पण तत्त्व सिद्ध झालं होतं. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. म्हणून बादलीवर ओरखडा पडला तरी तिथलं लोखंड लगेच गंजत नाही. आजूबाजूचं जस्त आधी झिजतं.

आता मोटारीकडे येऊ. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. निजाम राज्यात रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे एसटीच्या गाड्यांना वरून अॅल्युमिनियमचा पत्रा आला. तो गंजत नाही, पण खालची चासी पोलादाचीच. वर चकचकीत आणि खाली लालसर, हे चित्र तेव्हापासूनचं.

हेच चित्र श्रीमंतांच्या गाडीतही दिसतं. १९८१ ला बाजारात आलेली डिलोरियन ही अमेरिकेत विकली गेलेली स्पोर्ट्स कार. तिचं अंग स्टेनलेस स्टीलचं, आपल्या भांड्यांसारखं. रंगसुद्धा दिला नाही, इतका विश्वास. पण खालची चौकट साध्या पोलादाची, वर इपॉक्सीचा थर. थराला चीर पडली की पाणी आत जायचं आणि चौकट आतून सडायची. आपल्याकडे सॅन मोटर्सच्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीचं अंग फायबरग्लासचं होतं. ते गंजत नाही हे खरं. पण न गंजणारं अंग तळाची चिंता मिटवत नाही, उलट ती नजरेआड करतं.

यावर दोन मोठी उत्तरं शोधली गेली. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांनी संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या जोरावर कानाकोपऱ्यात रंग बसवण्याची पद्धत विकसित केली. तीच सुधारून आज बहुतेक कारखान्यांत चालते. आणि १९७५ च्या सुमारास पोर्शेने ९११ या स्पोर्ट्स कारचा सांगाडा जस्त चढवलेल्या पत्र्याचा केला, तळाला गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. म्हणजे जगातल्या नावाजलेल्या गाडीला शेवटी वाचवलं ते आपल्या बादलीच्या तत्त्वानेच!

मग प्रश्न सुटला का? नाही. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की गंज हा विजेचा खेळ आहे. जिथे हवा कमी पोचते, तिथलंच लोखंड जास्त खाल्लं जातं. हे ऐकायला उलटं वाटतं, पण आपल्या काळ्या मातीसाठी फार महत्त्वाचं आहे. काळी माती चिकट. चाकाच्या कमानीत, चासीच्या बेचक्यात बसली की दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. तिच्याखाली हवा नाही, म्हणून पोखरणं तिथेच जोरात. वरून सगळं वाळलेलं दिसतं.

म्हणूनच मातीवर किंवा गंजावर सरळ डांबरासारखा काळा थर मारणं घातक ठरतं. वर्षभराने थराला भेगा पडतात, पाणी आत जातं, बाहेर येत नाही. दाराखालच्या पत्र्यात पाणी निचरायला भोकं असतात, तीही बुजतात. बाहेरून गाडी नवी दिसते, आत पत्रा चाळण होतो. जळकं ऑइल फवारण्याचीही सवय आहे. त्याने रबरी बुश फुगतात, ब्रेकवर गेलं तर जिवाशी खेळ, आणि थेंब थेंब शेवटी आपल्याच विहिरीच्या वाटेला लागतो.

यात पणाला लागतं ते फक्त पैशाचं मोल नाही. किनारपट्टीवरची जुनी गाडी स्वस्तात मिळते, कुटुंब आयुष्यभराची बचत तिच्यात घालतं, वरचा रंग बघून. ब्रेकची नळी मात्र खालून जाते. गंजलेली नळी घाटात फुटते, दारात नाही.

तेव्हा क्रम असा ठेवू. पावसाळा संपला की गाडी रॅम्पवर चढवायची, माती पूर्ण धुवायची, पूर्ण वाळू द्यायची, सुटा गंज खरवडायचा, मग प्राइमर, मग मेणाचा थर, आणि निचऱ्याची भोकं मोकळी. खताची वाहतूक झाली तर त्याच दिवशी धुवायचं. आणि जुनी गाडी घेताना आधी खाली वाकायचं, बॉनेट नंतर उघडायचं.

रसायनं बदलली, कारखाने बदलले. बैलगाडीच्या काळात तळ बघणं हा रोजच्या कामाचा भाग होता. मोटारीने ते काम मेकॅनिकवर सोपवलं, आणि आपण वाकणं सोडलं. गंजाच्या या इतिहासातून घ्यायचं ते इतकंच, की वाकायची ती सवय आपण पुन्हा लावून घ्यायला हवी.