दिसणे आणि ओळखणे : मॉलिन्यूचा प्रश्न व दिल्लीतील उत्तर

डोळ्यांना वस्तू दिसते, पण ती काय आहे हे कळत नाही, असे होऊ शकते का? मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांत असेच घडते. १८९० मध्ये जर्मन वैद्य लिसाउअर यांनी या विकाराचे दोन प्रकार सांगितले : दिसलेल्या भागांतून आकार न जुळणे आणि आकार जुळूनही अर्थ न लागणे. पुढच्या वर्षी फ्रॉइड यांनी ‘अ‍ॅग्नोशिया’ हा शब्द वापरला. असा रुग्ण समोरची किल्ली ओळखत नाही, पण हातात घेताच ओळखू शकतो.

यापेक्षा वेगळा, पण जवळचा प्रश्न त्याआधी दोनशे वर्षे विचारला गेला होता. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक यांना लिहिले : जन्मांध माणूस घन आणि गोल स्पर्शाने ओळखतो, त्याला दृष्टी आली, तर तो ते नुसते पाहून ओळखेल का? १७२८ मध्ये लंडनच्या चेसल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. कुत्रा कोणता आणि मांजर कोणते, हे तो विसरे; मग मांजराला चाचपून तिच्याकडे निरखून पाही.

पद्धतशीर उत्तर दिल्लीत मिळाले. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकल्प प्रकाश’मध्ये दर्यागंजच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात जन्मांध मुलांवर उपचार होऊ लागले. २०११ च्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांची पाच मुले होती. पाहिलेला ठोकळा पुन्हा पाहून ती सुमारे ९२ टक्के वेळा ओळखत. हाताने चाचपलेला ठोकळा पाहून ओळखताना मात्र प्रमाण ५८ टक्क्यांवर आले. दोनच पर्याय असताना नुसत्या अंदाजानेही ५० टक्के येतात. म्हणजे उत्तर ‘नाही’ असेच होते. पण काही दिवसांतच पुन्हा चाचणी घेतलेल्या मुलांची कामगिरी सुधारली.

ही सुधारणा कशी होते? याच प्रकल्पाच्या २००९ च्या अभ्यासातील तिघांना स्थिर चित्रात सुटे तुकडेच दिसत. आकार हलू लागला, की एकत्र सरकणारे तुकडे एकाच वस्तूचे आहेत हे त्यांना कळे. काही महिन्यांनी स्थिर वस्तूही ओळखता येऊ लागल्या.

मोठ्या वयात शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, हा समज वैद्यकात रूढ होता. या मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही. तरी मेंदू शिकतो, हे दिसले. म्हणून आठ-दहा वर्षांच्या अंध मुलाला ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवणे योग्य नाही.

विचार करा : अ‍ॅग्नोशियाचा रुग्ण आणि नव्याने दृष्टी मिळालेले मूल यांच्या अडचणींत साम्य कोणते, फरक कोणता?