नामदेव जाधव : एका ‘रनर’चे शौर्य

नांदेडला आपल्या शाळेत दुसरे महायुद्ध आपण ‘कारणे व परिणाम’ एवढेच पाठ केले. अकरावीला लातूर गाठले आणि लातूर पॅटर्नमध्ये इतिहास सुटलाच. नामदेव जाधव हे नाव मला चाळिशीत, संगणकाची नोकरी करताना भेटले.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावी १९२१ साली जन्मलेले नामदेव मराठा लाइट इन्फन्ट्रीत साधे शिपाई होते. काम रनरचे, म्हणजे निरोप पोचवण्याचे. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी त्यांची कंपनी इटलीत सेनियो नदी ओलांडत होती. पात्र जेमतेम १५ फूट; पण दोन्ही काठांवर ३०-३५ फूट उंच बांध, ते पोखरून जर्मनांनी केलेले खंदक आणि सुरुंग. मशीनगनच्या माऱ्यात कंपनी कमांडर व दोन जवान जखमी झाले, बाकीचे सोबती पडले. नामदेवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून सुखरूप नेले. मग परत फिरून एक ठाणे गनने गप्प केले. हात जायबंदी झाला, तेव्हा गन टाकून हातबॉम्बने आणखी दोन ठाणी उडवली. शेवटी बांधावर उघड्यावर उभे राहून, युद्धघोषणा देत उरलेल्यांना पुढे बोलावले.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते वारले.

आधी जखमी, मग शत्रू, हा त्यांचा क्रम मला विसरता येत नाही. गुणवत्ता फलकावर नाव नसलेले आपले काही वर्गमित्रही सैन्यात गेले. मेळाव्यात फ्लॅट-पॅकेजच्या गप्पा थोड्या बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसूया.