आधी दारोदार, मग जाहिरात: डेव्हिड ओगिल्वीची गोष्ट

आजची सुरुवात माझ्याच फजितीने करतो. बीटेक झाल्यावर मी आणि माझ्या मित्राने एक ॲप बनवलं. कोड एकदम चोख, पण डाउनलोड करणारे बहुतेक आमचेच नातेवाईक. वेबसाइटवर आम्ही लिहिलं होतं, 'क्लाउड-बेस्ड स्केलेबल सोल्युशन'. आईने ते वाचलं आणि विचारलं, "अरे, पण हे करतं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथून कॉपीरायटिंगबद्दल वाचायला लागलो आणि डेव्हिड ओगिल्वी सापडला.

ओगिल्वीचा जन्म १९११ चा, इंग्लंडमधला. ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सुटलं. मग पॅरिसच्या हॉटेल मॅजेस्टिकच्या किचनमध्ये काम केलं. नंतर हा पठ्ठ्या स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून 'आगा' नावाच्या लोखंडी शेगड्या विकू लागला. विक्री इतकी छान झाली, की कंपनीने सांगितलं, बाकीच्या सेल्समनसाठी एक पुस्तिका लिही. १९३५ मध्ये त्याने ती लिहिली. गिऱ्हाईक कोण आहे, त्याला कसली शंका येईल, तिला उत्तर काय द्यायचं, सगळं अगदी साध्या भाषेत. पुढे 'फॉर्च्यून' मासिकाने या पुस्तिकेचं भरभरून कौतुक केलं. पण त्याआधीच तिने आपलं काम केलं होतं: त्याचा भाऊ लंडनच्या एका जाहिरात कंपनीत होता, त्याने ती तिथे दाखवली आणि डेव्हिडला नोकरी लागली.

१९३८ मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथे जॉर्ज गॅलपच्या हाताखाली सर्व्हे करताना लोक काय म्हणतात हे ऐकण्याची सवय लागली. क्लॉड हॉपकिन्सचं १९२३ चं 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' तर त्याने इतकं मानलं, की ते सात वेळा वाचल्याशिवाय कुणी या धंद्यात पडूच नये, असं तो सांगायचा. मग १९४८ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःची एजन्सी काढली. स्वतःच्या खिशात फक्त ६,००० डॉलर. बाकी आधार लंडनच्या दोन एजन्सींचा.

आता माझा आवडता किस्सा. १९५८ च्या रोल्स-रॉइसच्या जाहिरातीसाठी त्याने तीन आठवडे फक्त त्या गाडीबद्दल वाचलं. त्यातून मथळा निघाला तो असा: ताशी ६० मैल वेगातही सगळ्यात मोठा आवाज येतो तो गाडीतल्या घड्याळाचा! 'आलिशान', 'सर्वोत्तम' असलं काही नाही. फक्त एक माहिती, आणि तीही त्याने स्वतः शोधलेली नव्हे, आधीच छापून आलेली. ओगिल्वीच सांगतो, की हे वाचून कंपनीचा इंजिनियर मान हलवत म्हणाला, त्या घड्याळाचं काहीतरी करायला हवं. इंजिनियरला त्यात बग दिसला, ओगिल्वीला मथळा.

आपण त्या इंजिनियरच्या जातीचे, मंडळी. कॉपीरायटिंग म्हणजे शब्दांची फुलबाजी असं मला वाटायचं. ओगिल्वीकडे पाहिलं तर ते आधी ऐकणं, मग वाचणं आणि सगळ्यात शेवटी लिहिणं आहे. धंद्यालाही नेमकं तेच लागतं.

आम्ही ते वाक्य बदललं: 'दुकानाची उधारी मोबाइलवर लिहा, वही हरवायची भीती नाही.' ॲप काही रातोरात गाजलं नाही. पण आईने यावेळी प्रश्न विचारला नाही. तिने ते गल्लीतल्या वाण्याला दाखवलं.

तुमचं काम तुम्ही आईला एका वाक्यात सांगू शकता का? आज करून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!